खालची गाठ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळायला कारणंही मिळत गेली. शाळेत शिकवत होतो तेव्हा वेळ नव्हता, निवृत्त झालो तर डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. खरं कारण वेगळं होतं. ही गोष्ट मी चारचौघांत इतक्या वेळा आणि इतकी रंगवून चुकीची सांगितली होती, की खरी सांगायची तर आधीची सगळी परत घ्यावी लागणार होती.

यंदा दिवाळी आटोपली आणि दोन-चार दिवसांत वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात पहाटेचा गारवा उतरला. आमच्याकडची थंडी आधी नाकाला कळते. पूर्वी समुद्राकडून वारा फिरला की वाळत्या बोंबलांचा वास यायचा आणि वाड्यांमधून राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांचा, गोड, थोडा आंबूस. दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे तो आमचा कार्तिक. आता वाडीच्या तिन्ही बाजूंना इमारती उभ्या आहेत आणि आमच्या वाट्याला केळीची पाच-सहा बेटं उरली आहेत. तरी त्या सकाळी कुठून तरी तो वास आला. मी ओट्यावर बसलो होतो, आणि माझी नात मनवा एक मोठं खोकं घेऊन समोर येऊन बसली.

"आजोबा, तुम्ही सायकलवर लांब लांब जायचात ना? मग सांगा, यातलं काय ठेवू आणि काय परत पाठवू."

खोक्यातून बॅगा निघाल्या. एक सीटखाली लावायची, घोसाळ्यासारखी लांबट. एक सायकलच्या त्रिकोणात बसणारी, चपटी. हँडलला बांधायची एक वळकटी, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या दोन थैल्या. कापड असं की पाण्याचा थेंब पडला तर घरंगळून जावा. मी हात फिरवून बघत होतो. मनवा आणि तिच्या दोन मैत्रिणी नाताळच्या सुट्टीत सायकलने कोकणात उतरणार आहेत, पोलादपूरवरून कशेडी घाट चढून.

"या थैल्यांना वर दोन हूक आहेत," ती म्हणाली, "ते पुरेत. हा खालचा एवढासा हूक कशाला दिलाय कळत नाही. अडकतो नुसता. काढून टाकू?"

"नको," मी म्हणालो. ते इतक्या मोठ्याने म्हणालो की सूनबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

*

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकता शाळेत लागलो होतो. बस्त्याव माझा मित्र, जवळच्या गास गावचा. तो एका कारखान्यात फिटर होता. आम्ही दोघंही रोज सायकलने स्टेशनवर जायचो आणि एकाच पानवाल्याच्या मागे सायकली लावायचो, तिथली ही दोस्ती. बस्त्यावची आत्या लग्न होऊन गोव्यात म्हापशाला गेली होती. एका संध्याकाळी सायकलचं कुलूप उघडता उघडता तो म्हणाला, "नाताळला आत्याकडे जाऊ या का? ह्याच्यावरून?" आणि त्याने सीटवर थाप मारली. मी हो म्हणालो. त्या वयात हो म्हणायला विचार करावा लागत नाही.

सायकली होत्या, सामान कशात न्यायचं हा प्रश्न होता. आज मनवाला पाच मिनिटांत पन्नास बॅगा दिसतात. आम्ही तीन आठवडे प्रयोग केले. आधी खाकी हॅवरसॅक पाठीला लावून निर्मळपर्यंत जाऊन आलो, तर खांदे सोलून निघाले आणि पाठीवर घामाचा नकाशा उमटला. मग बस्त्यावने घरातली पत्र्याची पेटी कॅरिअरला बांधली. प्रत्येक खड्ड्याला ती अशी वाजायची की गासच्या रस्त्यावर कुत्री मागे लागली. मग गोणपाटाची दोन पोती केली. ती चाकावर घासून दोन दिवसांत झिजली.

"तुम्ही बाजाराला निघालात का गावाला?" माझे वडील म्हणाले. त्यांच्या दृष्टीने सायकल ही चालवायची वस्तू नव्हतीच, ती ढकलायची होती. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आम्ही वाडीवाले लोक. केळीचे घड, विड्याची पानं, फुलांच्या करंड्या सायकलवर लादायच्या आणि पाटाच्या कडेच्या हातभर वाटेवरून सायकल ढकलत रस्त्याला लागायचं. ढकलणारा डाव्या अंगाला चालतो. म्हणून जड ओझं डाव्या बाजूला, आपल्याकडे. सायकल आपल्या कमरेवर रेलून चालते. जड बाजू पलीकडे गेली तर ती माणसाला घेऊन पाटात पडते. मी सात वर्षांचा असल्यापासून हे शिकलो होतो. हात आपोआप तसंच भरायचे.

पिशव्यांची वाट शेवटी बस्त्यावच्या आईने दाखवली. "पाचूबंदरला इजामावशीकडे जा," ती म्हणाली. "ती शिडं शिवते. वाऱ्याला पुरते ती शिवण, तुमच्या सायकलींना पुरणार नाय?"

*

इजामावशी त्या वेळी पन्नाशीच्या पुढची असेल. विधवा, एकटी. शिडं शिवणं हे पुरुषांचं काम, पण तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून सुई तिच्या हातात आली. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून ती वीतभर लांबीची सुई जाड कापडातून अशी पार करायची, की आवाज ऐकत राहावंसं वाटे. टच्, आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याचा सर्रर्र. होड्यांना इंजिनं बसली होती. शीड आता अडीअडचणीला ठेवायची वस्तू झाली होती, आणि मावशीची सुई महिन्यातले बरेच दिवस भिंतीत खोचलेली असायची.

आम्ही सगळं सामान घेऊनच गेलो, म्हणजे मापं घेता येतील. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या सावलीत तिने चटई टाकली आणि सगळं मांडायला लावलं. मग कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय रे पोरांनो, लगीन कोनाचं हाय? एवडा रुखवत?"

बस्त्याव लाजला. तिने एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली.

"ह्ये काय?"

"चादर."

"आनि ह्ये?"

"दुसरी चादर."

"आत्याकडं चाललाव ना? तिच्याकडं चादर नाय?"

"वाटेत थंडी असेल, मावशी."

"मंग दोगांनी एक घ्या. नवराबायको घेतात." ती हसली, आणि शेजारी जाळं विणत बसलेला म्हाताराही हसला.

तासाभरात निम्मं सामान एका बाजूला गेलं. माझी इस्त्रीची पँट गेली. बस्त्यावचा आरसा गेला, त्यावर त्याने थोडा वाद घातला. रॉकेलचा स्टो राहिला, कारण चहाशिवाय बस्त्याव गोव्यालाच काय, स्टेशनलाही पोचला नसता. उरलेल्याच्या तिने दोन-दोन राशी लावल्या, पिशवीगणिक एक. जड ते तळाशी. भिजू नये ते मधे, मेणकापडात. हात घालताच हवं ते वर. एकेक रास चादरीत धरून तोलून बघितली आणि एक सुकेळ्यांचं पुडकं इकडचं तिकडे केलं. "दोन्ही अंगं सारखी पायजेत. होडीला कसं? तसंच."

आज प्रवासाच्या सामानावर लोक मोठमोठे लेख लिहितात. मनवाने मला दोन वाचून दाखवले. मावशीने तासाभरात सांगितलं त्याहून जास्त त्यांत मला काही सापडलं नाही.

आठ दिवसांनी पिशव्या तयार झाल्या. जुन्या शिडाचं कापड, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढलेलं, म्हणून तांबूस तपकिरी. त्या काढ्याचा तुरट वास अजून माझ्या नाकात आहे. वर दोन रुंद पट्टे, कॅरिअरला अडकवायचे. आणि प्रत्येक पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक दोरी. ती तिने स्वतः सायकलच्या दांडीला बांधून दाखवली.

"वरचे पट्टे वजन धरतात. ही दोरी काय बी धरत नाय. ही पिशवीला जागेवर ठेवते. शिडाला खालून दोर असतो तसा. तो सुटला का शीड माणसाला मारतं." मग माझ्याकडे बघून, बहुधा मी मास्तर म्हणून, "सायकलवर बसायच्या आदी खालची गाठ बगायची. दर टायमाला. बगशील ना, बाला?"

"बघीन, मावशी," मी म्हणालो.

*

त्या प्रवासाचे पहिले तीन दिवस मला अजून कुणी परत दिले तर मी बाकीचं बरंच काही देऊन टाकीन. खाडीवरच्या पुलावरून पहाटे जाताना खालून निघणारी वाफ. पेणच्या पुढे रस्त्याच्या कडेला भाताची झोडणी चाललेली, आणि एका बाईने न विचारता दिलेलं ताक. बस्त्याव चर्चच्या गायनमंडळात होता, तो चढावर नाताळची गाणी म्हणायचा आणि दम लागला की मधेच थांबायचा, म्हणून एकही गाणं पुरं झालं नाही. मागे वळून बघितलं की त्याच्या दोन तपकिरी पिशव्या चाकाच्या दोन्ही बाजूंना शांत बसलेल्या असायच्या. जणू सायकलच्याच अंगातून उगवलेल्या.

चौथ्या दिवशी पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाच्या पायथ्याशी आम्ही चहाला थांबलो. बस्त्याव ओढ्यावर तोंड धुवायला गेला. पुढे मैलोगणती चढ होता, सायकली ढकलायच्या होत्या. मला वाटलं, मित्राचं ओझं जरा सोपं करावं. मी त्याची उजवी पिशवी उघडली आणि स्टो, पंप, पाना-पक्कड असं सगळं जड सामान डावीकडच्या पिशवीत भरलं. जड बाजू अंगाकडे. हात आपोआप चालले. वाडीतला मुलगा होतो मी.

डावी पिशवी टम्म फुगली. सामान भरायला सोडलेली तिची खालची दोरी आता दांडीपर्यंत पुरेना. मी दोनदा ओढून बघितली आणि सोडून दिली. वर गेल्यावर सगळं पहिल्यासारखं करू, असं मनात म्हणालो. बस्त्याव आला. ढकलायला लागला तेव्हा म्हणाला, "अरे, आज सायकल हलकी कशी वाटते?" मला बरं वाटलं. काय केलं ते मी त्याला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

घाटमाथ्यावर वारा होता. खाली खेडकडची दरी धुक्यात होती आणि धुक्याच्या वर फक्त डोंगरांचे माथे दिसत होते. आम्ही तिथे बसून सुकेळी खाल्ली. मी विसरलो. बस्त्यावने टोपी घट्ट केली आणि गाणं म्हणत उतार घेतला.

तिसऱ्या वळणावर ती पिशवी झुलून चाकाच्या तारांत गेली. चाक जागच्या जागी थांबलं. बस्त्याव थांबला नाही.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला खेडला नेलं. उजवा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला होता. बाकी खरचटलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "झालं काय रे नक्की? पिशवी कशी गेली आत?"

फाटलेली पिशवी माझ्या मांडीवर होती. मी म्हणालो, "शिवण सुटली असेल बहुतेक."

चार शब्द. ते बोलताना मी त्यांचा विचारही केला नव्हता.

*

त्या चार शब्दांनी माझ्या आधी वसई गाठली. बस्त्यावच्या वडलांनी पिशवीकडे बघून म्हटलं, "होडीची शिवण सायकलला कशी चालेल?" रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या बाहेर हेच बोलणं झालं. स्टेशनवर सायकली लावणाऱ्या आमच्या मंडळातल्या अकरा जणांनी आमच्या पिशव्या बघून मावशीला पिशव्या सांगून ठेवल्या होत्या. तिने कापड कापून ठेवलं होतं. एकेकाने येऊन नको सांगितलं. मुंबईला रेक्झिनच्या मिळतात, म्हणाले. आणि त्याच हंगामात एका नाखव्याने त्याच्या होडीचं शीड दुरुस्तीला दुसऱ्या गावी दिलं. एका फाटक्या पिशवीमुळे दिलं असं तो म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती. शिवणाऱ्या हाताचं नाव एकदा गेलं की होडीवाले तिथे जीव टांगत नाहीत.

ती फाटकी पिशवी बस्त्यावच्या आईला घरात नको होती. म्हणून मीच ती घेऊन पाचूबंदरला गेलो. वाटेत ठरवलं होतं की आज सांगायचं.

मावशी उंबऱ्यावर बसली. पिशवी उलटी करून तिने मांडीवर घेतली. तारांनी कापड मधोमध फाडलं होतं, एक पट्टा कापडाच्या तुकड्यासकट उपटून आला होता. शिवण मात्र टाक्या-टाक्याने जागेवर होती. तिने ती अंगठ्याने दाबत शेवटपर्यंत बघितली. मग खालची दोरी हातात घेतली आणि दोन बोटांतून सावकाश ओढली. दोरी अख्खी होती. सरळ होती. गाठ ओढ बसून सुटली किंवा तुटली तर दोरीला मुरड राहते, ते मलाही माहीत होतं.

मी समुद्राकडे बघत होतो.

"कापड फाटलंय," ती म्हणाली. "शिवून देते." आणि सुईत दोरा ओवताना, "बस्त्यावचा हात कसा हाय?"

"बरा आहे."

"त्याला सोडे नेऊन दे. हाडाला ताकद येते." तिने आतून त्या वाळवलेल्या कोलंबीचं पुडकं आणून दिलं. मी ते घेतलं. पुडकं हातात असताना बोलणं कठीण झालं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

ती पिशवी माझ्याकडेच राहिली. बस्त्यावने पुन्हा लांबचा प्रवास केला नाही. मी केले. तिच्यातून माझ्या नव्या संसाराची भांडी आली. आईच्या आजारपणात दवाखान्यात डबे गेले. शाळेच्या वह्या तपासायला घरी आल्या, पावसात एकही भिजली नाही. गोणपाटाच्या, रेक्झिनच्या, नायलॉनच्या किती पिशव्या आल्या आणि गेल्या. मावशीने लावलेलं ठिगळ मूळ कापडापेक्षा पक्कं निघालं. मी तिचा किती ऋणी आहे ते सांगायला हीच एक पिशवी पुरे.

आणि दर वर्षी शाळेची सहल निघायच्या आदल्या दिवशी मी वर्गात उभा राहून मुलांना सांगायचो, "सामान तपासून घ्या रे. आमच्या पिशवीची शिवण सुटली आणि मित्राचा हात गेला." मुलं डोळे मोठे करून ऐकायची. गोष्ट मला चांगली सांगता यायची.

*

मनवाच्या खोक्यानंतर दोन दिवसांनी मी गासला गेलो. बस्त्याव अंगणात वालाच्या शेंगा सोलत होता, डाव्या हाताने धरून उजव्या वाकड्या मनगटाने. मी त्याला सगळं सांगितलं. पोलादपूरचा चहा, स्टो, दोरी.

तो सोलत राहिला. मग म्हणाला, "म्हणून सायकल हलकी लागली होती होय."

"बस्त्याव, मी—"

"अरे, हात पावसात दुखतो तेवढाच. एरवी मला हात आहे याचीही आठवण नसते. तुझ्यावर राग धरायचा तर त्या आरशासाठी धरीन, तू मावशीची बाजू घेतलीस." त्याने एक शेंग टाकली. "पण मला सांगून काय? तिला सांगितलंस?"

"नाही."

त्याची बायको चहा ठेवून गेली. मग तो म्हणाला, "मग आता लिही. मास्तर आहेस, लिहिता येतं तुला. तिच्या पुतण्याची पोरं वाचतील. अकरा जणांतले चार-पाच अजून आहेत, तेही वाचतील."

निघताना म्हणाला, "आणि गोव्याला न्यायचं राहिलंय तुझ्याकडून, ते मी विसरलेलो नाही."

मित्राने इतक्या सहज क्षमा करावी, एवढं मी आयुष्यात काय कमावलं होतं ते मला ठाऊक नाही. परत येताना भुईगावच्या बाजूने वारा येत होता आणि मला फार दिवसांनी तो वास आला, दोन्ही मिसळलेला.

घरी आल्यावर मनवाला खाली बसवलं. तिचं सामान चटईवर मांडायला लावलं. निम्मं काढलं. तीन चार्जर होते, एक ठेवला. दोन्ही थैल्या हातात तोलून सारख्या केल्या. खालचा हूक दांडीला कसा अडकवायचा, ते दाखवलं. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तिने विचारलं. मी इजामावशीचं नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव पहिल्यांदा खऱ्या गोष्टीबरोबर घेतलं गेलं.

*

मावशीला मी शेवटचं भेटलो ते ऐंशीचं दशक संपता संपता, असाच थंडीत. ती उन्हात बसली होती. डोळे गेले होते. शेजारच्या पोरीने माझं नाव सांगितलं. मी जवळ बसलो आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

तिने हात फिरवला. बोटं ठिगळावर थांबली, मग शिवणीवरून चालत गेली, पूर्वीसारखीच अंगठा दाबत.

"ही माजी शिवन," ती म्हणाली. "टिकली अजून."

"हो, मावशी."

बोटं कोपऱ्यापर्यंत गेली. दोरी सापडली. ती दोन बोटांत धरून तिने चेहरा माझ्या दिशेला वळवला.

"खालची गाठ मारतोस ना रे, बाला?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. काळजी होती. ती दहा वर्षं वाट बघत होती की काय, मला माहीत नाही. दार उघडून तिने बाजूला व्हावं तसं ते होतं. मला फक्त आत जायचं होतं.

मी म्हणालो, "मारतो." आणि उठलो.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

मावशी, त्या दिवशी तुझ्याजवळ बसून जे बोलायचं होतं ते असं होतं. तुझी शिवण सुटली नव्हती. एक टाकाही नाही. गाठ मी मारली नव्हती, आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तू पिशवी शिवून दिलीस. तुझ्या हाताचं नाव मी घालवलं. मला माफ कर.